काकांच्या प्रोग्रामला घाई नव्हती

नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये ज्यांची उभी हयात गेली, त्या काकांकडे मी कोड मागत होते. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर नक्कल होऊ नये म्हणून पगार घेतला, त्यालाच मी म्हणत होते, काका, नक्कल करू द्या.

आम्ही पाच-सहा जण रविवारी एका क्लासच्या रिकाम्या खोलीत जमतो. प्रत्येकाने स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम लॅपटॉपवर आणायचा, ते एकमेकांशी लढवायचे आणि आपण चहा पीत बघायचं. कोड सगळ्यांना दाखवायचा, हा रिवाज. काकांचा तेवढा कुलपात.

ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यांचं काय करायचं, हे आमच्या घरात लहानपणीच शिकवतात. त्यात वस्तीच्या वाचनालयासाठी पत्रकं लिहून माझा हात बसलेला. मी कोडवरही एक पत्रक काढलं आणि काकांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, कागद चांगला वापरलायस, पुढारीणबाई.

काकांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना आमच्यातल्याच सटाण्याच्या सरांना एकदा तरी हरवायचं होतं. सर शाळेत गणित शिकवतात. त्यांचा राजा दर डावात कोपऱ्यात सापडायचा, मात समोर दिसायची, आणि काकांचा प्रोग्राम हत्ती इकडे न्यायचा, परत तिकडे आणायचा. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत. सर हसत लॅपटॉप मिटायचे, काका चहा अर्धाच सोडायचे. चूक काही सापडेना.

शेवटी एका रविवारी काका कोड घेऊन आले. तोही कागदावर छापून. पानं मोजून वाटली आणि सगळ्यांना फोन टेबलावर पालथे ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, काका, झडतीही घ्या. त्यांनी खरंच क्षणभर विचार केला.

मी वाचण्यापेक्षा संतापण्यात गुंतले होते. सापडलं सरांना. ते गप्प बसले असते, तर त्यांचे डाव पुढेही बरोबरीत सुटतच राहिले असते. पण त्यांनी पान खाली ठेवलं.

"काका, तुमना प्रोग्रामले घाईच नही शे."

दोन चालींतली मात आणि दहा चालींतली मात, दोन्हींना काकांनी सारखेच गुण दिले होते. त्यामुळे मात दिसली की प्रोग्राम निवांत. आज काय, उद्या काय. मी म्हटलं, सरकारी नोकरीतला प्रोग्राम आहे, फाईल टेबलावर आली की काम झालं. काका सोडून सगळे हसले. मग काकाही.

एक ओळ बदलली: मात जितकी लांब, तितके गुण कमी. तिथेच डाव लावला. या वेळी हत्ती सरळ खाली उतरला आणि मात झाली. काका स्क्रीनकडे इतका वेळ बघत राहिले, की शेवटी सरांनीच त्यांचा हात धरून हलवला.

मग सरांनी मागितलं. माझा राजा कोपऱ्यात ढकलणारी तुमची ती प्याद्यांची युक्ती माझ्या प्रोग्रामसाठी द्या, म्हणाले. ती काकांची स्वतःची, कुठेही न मिळणारी. दिली, तर हा विजय पहिला आणि बहुतेक शेवटचा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी मला हातानेच थांबवलं आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"घ्या. फक्त कोडच्या वर माझं नाव राहू द्या."

मला राहवलं नाही. म्हटलं, आलीच ना मालकी?

"मालकी कसली गं? पत्ता आहे तो. यातही चूक निघाली, तर कोणाकडे यायचं ते कळायला नको?"

सर तोवर नाव टाइप करून मोकळे झाले होते. फोन नंबरही टाकू का, विचारत होते.