पान्हा चोरणारी गाय

धारोष्ण दुधाचा वास आला की मला देहूरोडच्या डॉक्टरीणबाई आठवतात. पिंपरीत नुकते कारखाने उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण नवरा जवळ आला की अशी कळ उठायची की मी त्याला ढकलून द्यायची. दिवाळीनंतर मला माहेरी धाडून दुसरी सून आणायची, असं सासूबाई आमच्या चिखली गावभर सांगत होत्या. तेव्हा नवऱ्यानेच मला गावादेखत सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. बाईंनी तपासलं आणि माझी मूठ आवळून दाखवत म्हणाल्या, "तुझ्यात खोट नाही. भीतीनं आतले स्नायू असे आवळतात, म्हणून दुखतं. तू मुद्दाम करत नाहीस. श्वास सोडत सैल करायला शिकवते, हळूहळू जमेल." मी आनंदानं ओरडलेच, "म्हंजी आमची तांबडी गाय परका हात लागला की पान्हा चोरती, दूध आतच धरून ठेवती, तसंच व्हय?" बाई हसल्या, "अगदी तसंच!" मी धावत बाहेर आले आणि नवऱ्याला सगळं एका दमात सांगितलं. त्यानं सायकल घराकडं वळवली. मग हळूच म्हणाला, "तांबडीला मी कवाच घाई केली न्हाई गं." परवा नातसुनेनं तेच दुखणं माझ्या कानात सांगितलं. तिला डॉक्टरकडे आत पाठवलं आणि बाहेर बसलेल्या, जन्मात धार न काढलेल्या नातवाला मी तांबडीची गोष्ट सांगितली.