तीन खात्यांची घड्याळं

आमच्या ह्यांची अख्खी नोकरी एकाच खटपटीत गेली. सरकारी खात्यांनी आपल्याकडची माहिती एकमेकांना द्यावी, नवरा गेलेल्या बाईला पाच खिडक्यांवर पाचदा 'ते गेले' असं सांगायला लागू नये, एवढंच ह्यांचं म्हणणं. त्यासाठी कॉम्प्युटर आले, उद्घाटनं झाली, फोटो निघाले. माहिती मात्र जागची हलली नाही. जो तो आपल्या फायलींवर नागासारखा वेटोळं घालून बसलेला.

निरोपसमारंभाला मीही गेले होते. आरोग्य, महसूल आणि पुरवठा, तिन्ही खात्यांचे साहेब बोलले. "सरांनी आम्हाला एकत्र आणलं," असं म्हणताना एकाही मेल्याची जीभ अडखळली नाही. मग भेटवस्तू आल्या. तिन्ही खोक्यांतून भिंतीवरची घड्याळंच निघाली, तीही एकाच दुकानातली.

"एकमेकांना विचारलं नाहीत का?" ह्यांनी विचारलं.

"सर, ते त्यांच्या खात्याचं. आम्ही कसं विचारणार?" आरोग्यवाले साहेब म्हणाले.

इतकी वर्षं ह्यांनी हेच उत्तर ऐकलं होतं. सगळे हसले, हे हसले नाहीत.

घरी आल्यावर मी हातोडी काढली. म्हटलं, निदान एक तरी हॉलमध्ये लावू.

"राहू दे," हे म्हणाले. "तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतायत. खरी कुठली, हे विचारायला मला पुन्हा तिन्ही खात्यांत खेटे घालावे लागतील."