पाटलांच्या घरची गोधडी

निबंधाचं बक्षीस म्हणून मला साबणाची वडी मिळाली. मिळाली म्हणजे वरून टाकली. ठाण्याहून आलेले डॉक्टर ती माझ्या हातात द्यायला पुढे वाकले होते. त्यांना गावची रीत ठाऊक नसावी. मास्तरांनी घाईघाईने वडी त्यांच्याकडून घेतली आणि मला म्हणाले, "परकर धर." मी परकराचा ओचा धरला. मास्तरांनी हात उंच ठेवूनच वडी सोडली. ती परकरावर आपटून धुळीत गेली. पोरं हसली. मी वाकून ती उचलली, फुंकर मारली आणि नमस्कार केला.

नमस्कार केला याची मला आजही चीड येते.

लढाईची वर्षं होती. साबण, रॉकेल, कापड, सगळ्याचीच मारामार. वडी चांगली होती, वासाची. निबंधाचा विषय होता 'सार्वजनिक आरोग्य आणि माझी एक आठवण', म्हणून साबण. महाराच्या पोरीला साबण द्यावा ही कल्पना मास्तरांचीच. पण साबणाचं काय घेऊन बसलात. त्याच्या आधी जे झालं त्यापुढे तो काहीच नव्हता.

आमचं गाव शेणव्याच्या वाटेवर. गावात कुणब्यांची घरं, मधोमध पाटलांचं घर, आणि गाव संपल्यावर ओढ्याच्या खालच्या अंगाला आमचा महारवाडा. गावाने वापरून झालेलं पाणी आमच्याकडे यायचं. घरात मी आणि बाप. आई आदल्या पावसाळ्यात गेली होती.

मास्तर नवे होते. आटगाव स्टेशनावर उतरून डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आले होते. खादी घालायचे. त्यांच्या आधीच्या मास्तरांनी मला शाळेच्या अंगणात चिंचेखाली बसवलं होतं. आतलं ऐकू येईल तेवढं शिकायचं. पाटी तपासायची असेल तर जमिनीवर ठेवून मागे सरायचं. नव्या मास्तरांनी आल्या आल्या मला ओसरीवर घेतलं. दाराच्या आत नाही, पण ओसरीवर. माझी पाटी त्यांनी हातात घेतली. नंतर हात धुतात का ते मी बघत राहिले. धुतले नाहीत.

तेवढ्या एका गोष्टीपायी मी त्यांच्यावर जीव टाकत होते. खोटं कशाला सांगू. बापावर नव्हती इतकी माझी त्यांच्यावर माया होती.

आमचे निबंध म्हणजे सगळे एका साच्यातले. पावसाळ्यावर लिहायचं तर धरतीने हिरवा शालू नेसलाच पाहिजे. शालू आमच्यातल्या एकीनेही पाहिला नव्हता. आवडत्या कवीवर लिहायचं तर फळ्यावरची वाक्यं उतरवून काढायची, कवी आवडो न आवडो. एकदा मास्तर ओसरीवर माझ्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "साहित्य म्हणजे शालू नव्हे. तू जे पाहिलंस ते लिही. तुझ्या आईबद्दल लिही. मात्र खोटं एक अक्षर लिहू नकोस."

असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी लिहिलं.

आदल्या पावसाळ्यात गावात पटकी आली. पाटलांची आई तिने गेली. आमच्याकडे रीत अशी की मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण महाराने न्यायचं. त्याला हक्क म्हणत. नाही म्हणता येत नाही असा हक्क. पाटलांच्या गड्याने वाडीच्या तोंडाशी येऊन हाक मारली. बाप गेला आणि गोधडी घेऊन आला. जवळजवळ नवी होती ती. हिरव्या लुगड्याचे तुकडे, बारीक टाके. आम्ही निजायचो पोत्याखाली. आईने त्या गोधडीवरून हात फिरवला. मग ती ओढ्यात खळबळून आणली. पाऊस थांबेना, गोधडी वाळेना. तिला हिव भरलं होतं, म्हणून तिने ती ओलसर होती तशीच अंगावर घेतली. मग तिला ढाळ लागले. ओकाऱ्या. पायात गोळे. डोळे खोल गेले. सकाळी ती ओळखू येईना. दिवस मावळायला गेली.

हे सगळं मी लिहिलं. शेवटी लिहिलं: 'ती गोधडी पाटलांनी जाळायला हवी होती. ती त्यांनी आम्हाला दिली. माझा बाप नको म्हणाला असता तर गावच्या कामाबद्दल मिळणारं आमचं खळ्यावरचं भात बंद झालं असतं. म्हणून माझी आई मेली.'

मास्तरांनी ते ओसरीवरच उभ्याने वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "मी हे स्वच्छ अक्षरात उतरवून देतो. डॉक्टर येणार आहेत. त्यांच्यासमोर तूच वाचायचंस." मी घरी धावत सुटले. बापाला सांगितलं, आयचं समद्यांसमोर वाचनार हाय मी. बापाने त्या दिवशी धोतर धुतलं.

कार्यक्रम शाळेच्या अंगणात होता. मधल्या खुर्चीवर डॉक्टर, शेजारच्या खुर्चीवर पाटील. गाव खाली बसलेलं. आमची माणसं कुंपणाच्या बाहेर, त्यांत बाप, हात जोडून. मास्तरांनी कागद ऐन वेळी माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. निबंध मला तोंडपाठ होता. पण कागद मिळाला म्हणून मी कागदावरून वाचू लागले.

सुरुवातीला 'माझी आई प्रेमळ होती' असं होतं. हे मी लिहिलं नव्हतं. पण खरं होतं, म्हणून वाचलं. मग पटकीचं आलं. मग गोधडी आली. मग आलं, 'अज्ञानी लोक मृताचे अंथरूण लोभाने आपल्या घरी नेतात.'

लोभाने. मी तो शब्द वाचून टाकला. अर्थ डोक्यात शिरेपर्यंत तोंड पुढच्या ओळीवर गेलं होतं. 'त्या सुंदर गोधडीवरून हात फिरवताना माझ्या आईला मोह आवरला नाही. स्वच्छतेचे महत्त्व तिला कळले असते तर ती आज जिवंत असती.'

आईने हात फिरवला हे मीच लिहिलं होतं. थंडीत कुडकुडणारी बाई जाड पांघरुणावरून हात फिरवणार नाही तर काय करणार. त्या एका वाक्यातून मास्तरांनी लोभ काढला. आणि पाटील कुठेच नव्हते. त्यांची आई नव्हती, गडी नव्हता, हाक नव्हती, खळ्यावरचं भात नव्हतं. गोधडी जणू आपल्या पायांनी चालत आमच्या घरी आली होती. मी कागद उलटून बघितला. मागे कोरा. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांना वाटलं मी घाबरले. त्यांनी हसून मान हलवली, वाच, वाच. शेवटची ओळ राहिली होती. 'यात दोष आमचाच आहे.'

मी तीही वाचली.

टाळ्या पडल्या. पाटलांनीही वाजवल्या. त्यांना खरंच आवडलं होतं. डॉक्टर बोलायला उठले. पटकीने मेलेल्या माणसाचं अंथरूण जाळलंच पाहिजे, असं त्यांनी बजावलं. बजावलं ते कुंपणाकडे तोंड करून. जाळायचं कोणी, ज्याच्या घरी माणूस मेलं त्याने, हे त्या अख्ख्या अंगणात कोणाच्या मनात आलं नाही. मग साबण.

सगळे गेल्यावर मी मास्तरांना ओसरीच्या पायरीशी गाठलं.

"मास्तर, पाटलांचं काढलंत तुम्ही."

"अगं, निबंधात कोणा माणसाचं नाव घेऊ नये. ती तक्रार होते. साहित्याला एक मर्यादा असते."

"पन बापानं लोभानं नव्हती आनली."

 ते अगदी मायेने म्हणाले, "पाटील शाळेला नवी खोली बांधून देणार आहेत. त्या खोलीत मी तुला आत बसवणार आहे, सगळ्यांबरोबर. तुझ्याच भल्यासाठी केलं ना मी?" त्यांनी इकडे तिकडे बघितलं. अंगणात कोणी नाही याची खात्री केली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावणारी माणसं मला ठाऊक होती. हा माणूस रडला होता माझ्या आईसाठी. त्याच डोळ्यांनी बघून त्याने तिच्या नावावर लोभ लिहिला होता.  

घरी बाप भाकरीला शिवला नव्हता. चुलीकडे बघत बसला होता. मी आत आले तसा म्हणाला, "मास्तर शिकलेला मानूस. त्यो खोटा कशाला लिवंल? तुजी आय माज्यामुलंच गेली."

"नाय. मी तसा नव्हता लिवला. मास्तरांनी बदलला."

"पन वाचलास तर तूच ना गो. समद्यांसमोर. तुज्या तोंडानं." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "मी हावरा हाय का गो?"

माझ्या बापाला गावाने काय काय म्हटलं असेल त्याला मोजदाद नाही. ते तो अंगावरून पाणी जावं तसं जाऊ द्यायचा. हे गेलं नाही. हे त्याच्या पोरीने म्हटलं होतं. मी त्याला माझा निबंध म्हणून दाखवला, पहिल्यापासून, जसा लिहिला होता तसा. त्याने ऐकून घेतला. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. गावाने टाळ्या वाजवलेला निबंध एक आणि पोरीने चुलीपुढे म्हटलेला दुसरा. कुठला खरा मानेल माणूस?

पुढच्या आठवड्यात मास्तर वर्गात म्हणाले, मुरबाडला आपल्या आणि त्या तालुक्यातल्या शाळांची निबंधाची स्पर्धा आहे, आपल्या शाळेकडून हाच निबंध जाणार. कागद त्यांनी ओसरीवर माझ्यापुढे ठेवला. "खाली सही कर."

"नाय करनार."

"का?"

"ह्यो माजा नाय."

मास्तर हसले. पोरांकडे बघून हसले. मग म्हणाले, "वेडेपणा करू नकोस. तुझ्यासाठी मी गावाशी वाईटपणा घेतला."

"ह्यो माजा नाय."

मग त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी ओळखला. तो गावात सगळीकडे होता, फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचा राहिला होता. "तुम्हा लोकांना ओसरीवर घेतलं की तुम्ही घरात शिरता. जा. अंगणात जाऊन बस."

मी गेले. पण बसले नाही. चिंचेखाली उभी राहिले आणि माझा निबंध मोठ्याने म्हणायला लागले. पाटलांची आई. गड्याची हाक. हिरवी गोधडी. मास्तरांनी दार लावून घेतलं. खिडक्यांना झडपा नव्हत्या. पाटलांचा नातू आत बसला होता, त्याच्यापर्यंत पोचेल इतका आवाज मी काढला. 'ती त्यांनी आम्हाला दिली' हे मी परत परत म्हटलं.  माझं लिहिलेलं मी चारचौघांना ऐकू जाईल असं म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. परकर धरून नाही, कागद धरून नाही.

माझी शाळा तिथेच कायमची सुटली.

श्रावणात पटकी परत आली. पाटलांच्या भावाची बायको गेली. गड्याने वाडीच्या तोंडाशी येऊन हाक मारली, "चल रे, अंथरून उचल." बाप उठला. मी दारात उभी होते. मला बाजूला सारून तो बाहेर गेला. मला वाटलं, चालला. गड्यापासून चार हातांवर तो थांबला.

"आमी नाय नेनार. जालून टाका."

"पाटलांना काय सांगू?"

"ह्याच सांग."

गडी गेला. बाप परत आला आणि उंबऱ्यावर बसला.  मी हावरा हाय का, हे त्याने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

खळ्यावरचं भात बंद झालं. वाडीतली दोन-तीन घरं आमच्याशी बोलेनाशी झाली, कारण त्यांच्यावरही पाटलांची नजर होती. त्यांना मी दोष देत नाही. आम्ही कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला गेलो. रानात लाकडं रचायची, माती लिंपायची, धूर खायचा. माझं पुढचं शिक्षण कसं झालं ती वेगळी हकिगत आहे. ती मास्तरांच्या कृपेने झालेली नाही.

निबंध मात्र मुरबाडला गेला. माझं नाव मास्तरांनीच खाली घातलं. पहिला आला, असं बाजारात भेटलेल्या एका पोराने मला सांगितलं. मास्तर तो निबंध पुढे वर्षानुवर्षं वर्गात वाचून दाखवायचे म्हणे, महाराच्या मुलीने लिहिलेला, आणि वाचताना त्यांचा गळा भरून यायचा. म्हणजे कितीतरी पोरांनी माझ्या नावाने ऐकलं की माझी आई मोहापायी मेली आणि दोष आमचाच होता. त्या पोरांची आता नातवंडं असतील. कोणाच्या तरी डोक्यात ते अजून असेल.

म्हणून मी हे लिहिलं. माझी आई लोभाने मेली नाही. पटकीने मेलेल्या बाईचं पांघरूण पाटलांनी आमच्या घरात घातलं, नाही म्हणायची सोय ठेवली नाही, आणि हे माहीत असलेल्या शिकल्यासवरल्या माणसाने ते पुसून आमच्या माथी मारलं. त्यांनी मला ओसरीवर घेतलं, अक्षर वळवलं, ते मी नाकारत नाही. त्याची किंमत म्हणून त्यांनी माझ्या आईचं मरण घेतलं. ते मी परत घेते आहे. ज्यांना हे वाचून तक्रार वाटेल त्यांनी खुशाल तक्रार म्हणावं. यातला एक शब्दही मी कोणासाठी काढणार नाही.