युसूफभाऊंचं मनगट

महिन्यापूर्वी सकाळी फोन आला, "युसूफभाऊ गेले..." पंच्याहत्तरी ओलांडलेले, रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. माती द्यायला सगळं चंद्रपूर लोटलं होतं, आणि जो तो त्यांच्या उजव्या हाताविषयीच बोलत होता. ती गोष्ट मी जवळून पाहिली, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. युसूफभाऊंचं ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं दुकान होतं. मागच्या पत्र्याच्या बंद खोलीत ते जुन्या प्लेटांचं शिसं वितळवायचे आणि तिथेच बसून, तशाच हातांनी डबा खायचे. संध्याकाळी सायकल मारत आमच्या ऊर्जानगरच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला हजर. नेटजवळ चेंडू असा अलगद उचलून द्यायचे, की मारणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असायचं. एका हिवाळ्यात त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, आणि मग हातातून चेंडू निसटू लागला. "अरे, हात उठूनच नाई राह्यला," ते म्हणाले. मनगट खाली लोंबत होतं. चिमटा काढला तर कळायचा, पण पंजा वर होत नव्हता. कुणी लकवा म्हणालं, कुणी करणी. दंडात ताईत आला, फरक काही पडेना...

शेवटी त्यांच्या बायकोनं, नजमाभाभींनी, त्यांना नागपूरला नेलं. सोबत मीही होतो. डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि विचारलं, "काम काय करता?" मग रक्त तपासलं. धुरातून आणि घासातून शिसं अंगात साचत गेलं होतं, मनगट उचलणाऱ्या नसा त्यानं निकामी करत आणल्या होत्या. काम असंच चाललं तर दुसराही हात जाईल, असं त्यांनी बजावलं.

"आन् थांबवलं तर?" भाभींनी विचारलं.

"नसा पुन्हा जोर धरतात. सावकाश, पण धरतात."

परतल्याबरोबर भाभींनी भट्टी विझवली. दुकानातल्या दोन्ही कारागिरांनाही नागपूरला पाठवलं. एकाच्या रक्तात शिसं निघालं, पण त्याचे हात वेळेत वाचले. युसूफभाऊंच्या मनगटाला लाकडी पट्टी बांधली. औषधं, व्यायाम, आणि वाट पाहणं. कितीतरी महिने काहीच हललं नाही. चिडायचे, रडायचेही. एका संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. हात टेबलाच्या कडेवरून खाली सोडला. "पाह्य," म्हणाले. पंजा थरथरला... आणि इंच-इंच करत वर आला. "उठला रे! उठला!" आम्ही दोघंही लहान पोरांसारखे ओरडलो.

पुढच्या वर्षी चिमूरच्या स्पर्धेत ते नेटजवळ उभे राहिले. अंतिम सामना, गुण बरोबरीत. जन्मात कधी मैदानावर न आलेल्या नजमाभाभी बाकड्यावर चढून ओरडत होत्या, "उचला! उचला ना!" भाऊंनी उचलला. डोक्यावरून पाठीमागे, न बघता, दोन्ही पंज्यांनी. मी मारला. पुढचं आठवत नाही, एवढंच आठवतं, की युसूफभाऊ लोकांच्या खांद्यावर होते आणि उजवा हात आभाळात ताठ होता.

नंतर त्यांनी भट्टी गावाबाहेर मोकळ्यावर नेली. आधी हसणारे बाकीचे बॅटरीवालेही एकेक करून त्यांच्या मागे गेले.

आता दुकान त्यांची मुलगी चालवते. परवा गेलो होतो. चहा आला, मी कपाकडे हात नेला, तर ती म्हणाली, "काका, पहिले तिकडे." दाराजवळ नळ, वर साबणाची वडी. "हात धुतल्याबिगर इथी कोणालेच चहा भेटत नाई. अब्बांचा कायदा हाय."

मी बाही वर सारली आणि निवांत हात धुतले.