चाचांच्या कानाशी धरलेला माऊस

लातुरात शिकवणीसाठी आम्ही ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचो, त्या चाचांइतका वस्तूंवर संशय घेणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. हयात शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात गेलेली. भूकंपानंतर तर ते भिंतीवरसुद्धा टकटक करून मगच तिच्याकडे पाठ करून झोपत. गल्लीतल्या पोरांनी काहीही मागवलं की खोकं आधी चाचांपुढे यायचं. परत पाठवायची मुदत संपायच्या आत त्यांचा निकाल घ्यायचा, अशी रीतच पडली होती. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नसे.

माझा खोलीतला जोडीदार किनवटचा. सराव परीक्षांचं कारण घरी सांगून त्याने बिनवायरचा गेमिंग माऊस मागवला, तेव्हा चाचांनी त्या माऊसची तासभर हजेरी घेतली. दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, चार्जिंगची विणलेली वायर पिळून पाहिली. नखाएवढा रिसीव्हर पाहून म्हणाले, "हे हरवायसाठीच बनवलंय." तळाला लावायच्या जादा पट्ट्या निघाल्या, तर "म्हंजे झिजणार हे बनवणाऱ्यालाच म्हाईत हाय!" शेवटी माऊस कानाशी धरून हलवला. "आतून गप हाय. ठेवून घ्या."

आठवड्याभराने, जोडीदार शिकवणीला गेलेला असताना, मी गेममध्ये हरलो आणि रागाने तो माऊस आपटला. चाक डुगडुगायला लागलं. तसाच चाचांकडे धावलो. त्यांनी कानाशी धरला, "आत काही तरी सुटलंय बेटा," म्हणत पुन्हा हलवला, आणि नेमका तेव्हाच जोडीदार दारात उभा. माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचांनी हलवला, त्यात मोडला."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाले, "माझंच चुकलं. हात जड पडला."

त्यानंतर कुणी खोकं आणलं की ते म्हणत, "दुसऱ्याला दाखवा. माझ्या हाताचा भरवसा न्हाई राहिला." हळूहळू पोरं यायची थांबली. चाचा ओट्यावर नुसते बसून असत आणि मी चोरासारखा जिना चढायचो. खरं सांगायचं रोज उद्यावर ढकलायचो.

खोली सोडताना मात्र सांगितलं. ते म्हणाले, "म्हाईत हाय. त्या पोराला बोलला का?"

"नाही."

"नको बोलू. दोस्ती हाय तशी राहू दे."

दोस्ती राहिली. चाचा मात्र राहिले नाहीत. गेल्या दिवाळीत जोडीदार माझ्या घरी आला होता. त्यांची आठवण निघाली तसा हसत म्हणाला, "लई गोड माणूस. पण माझा माऊस मोडला होता म्हाताऱ्यानं."

मीही हसलो.