तळ्याकाठचा दुखवटा

आई दिवाळीनंतरच्या आठवड्यात गेली. चैत्रात आम्ही आप्पांना घेऊन तापोळ्याला गेलो.

मधल्या काळात आमच्या गावी, कुंभारीच्या घरी, दोनदा दुखवटा आला होता. सोयरे गोड जेवण घेऊन येतात, घरच्यांना घास भरवतात आणि त्यानंतर घरात शुभकार्याची बोलणी पुन्हा सुरू होतात. दोन्ही वेळा आप्पांनी ताटाला हात लावला नाही. धाकट्या बहिणीचं लग्न आई असतानाच ठरलं होतं. ते वर्षाच्या आत झालं नाही, तर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तीन वर्षं थांबावं लागणार होतं. मुलाकडचे तेवढं थांबायला तयार नव्हते.

थोरल्या बहिणीचे यजमान मोहोळचे, अंगाने चांगलेच जाड. हे दाजी म्हणाले, गावात चार माणसं बघत असतात, आपण बाहेर नेऊन खाऊ घालू. गाडी त्यांचीच. वाटेत साताऱ्यात त्यांनी कंदी पेढे घेतले.

तापोळा महाबळेश्वरच्या पलीकडे, डोंगरांच्या मधे आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की लाल मातीचा रुंद काठ उघडा पडतो. तिथे एका तंबूवाल्याने ‘बीच’ अशी पाटी लावली होती. खुर्च्या होत्या, मोठ्या छत्र्या होत्या, कणसं भाजणारी एक बाई होती. कुणालाच घाई नव्हती. लोक पाण्यात पाय सोडून बसले होते. मी घोट्यापर्यंत उतरलो. पाणी थंड आहे, एवढं कळलं. बाहेर आलो.

“मामा, डोंगरात समुद्र आणलाय तुमच्यासाठी,” दाजी आप्पांना म्हणाले. “चड्डी घेतलीय का पोहायला?”

“तुमीच उतरा की. बोट लागायची न्हाय, आमी चौघं तुमच्यावरच बसू.”

थोरली बहीण मोठ्याने हसली. आई गेल्यापासून आप्पांनी केलेली ती पहिली थट्टा. मला हसू आलं नाही.

दाजींनी ती संधी साधून पुडा उघडला. “एक घ्या, मामा.”

आप्पांनी मान फिरवली.

“किती दिवस असं? पोराच्या वडलांचा परत फोन आला हुता.”

आप्पांनी पुडा हाताने बाजूला सारला. मग म्हणाले, “मी गोड खाल्लं की तिचं संपलं, व्हय?”

धाकटी त्यांच्यासमोर मातीतच बसली होती.

“आप्पा, तुमी नका खाऊ,” ती म्हणाली. “पण माझं काय ते सांगा. हो म्हणा, न्हायतर नाही म्हणा. रोज फोनवर ‘बघू, बघू’ म्हणायचा कंटाळा आलाय मला.”

“तुला पसंत हाय का अजून?”

“हाय की.”

“मग पेढ्यावर कशाला अडून बसायचं?” आप्पा दाजींकडे वळले. “लावा फोन.”

दाजी पुडा धरून तसेच उभे होते. “पण मामा, रीत...”

“रीत तुमी खावा. फोन लावा.”

काठावर रेंज नव्हती. दाजी चढ चढून रस्त्याकडे निघाले. आप्पा चपला घालून त्यांच्या मागोमाग गेले. आम्ही तिघं खालून बघत होतो. फोन दाजींनी लावला, बोलले आप्पा. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही.

धाकटीचं लग्न वैशाखात कुंभारीत झालं.