डॉक्टरांच्या कपाटातल्या बिया

स्वातंत्र्याआधी बेळगावात दातांचे एक डॉक्टर होते. सासूबाईंचा गाल सुजून घासही गिळवेना, तेव्हा मी त्यांना निपाणीहून मोटारीने तिकडे नेलं.

"दात काढायला हवा. पू जबड्यात उतरलाय," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी मान फिरवली. "किडा हाय त्यो. धुरीवाला रिंगणीच्या बियांची धुरी दिऊन पाण्यात पाडून दावतोय. तू दावशील व्हय रं?"

डॉक्टर रागावले नाहीत. येणारा प्रत्येकजण आधी धुरी घेऊनच येई, म्हणून त्यांनी कपाटात रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया ठेवल्या होत्या. त्यांनी त्या शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकल्या आणि वर ओला वाडगा पालथा धरला. कुणाचं तोंड जवळ नव्हतं, तरी वाडग्याला बारीक पांढरे किडे चिकटले.

"बी तडकून आतला कोंब उडतोय, आक्का. त्योच किडा. पर धुरीनं ठणका जरा हलका हुतोय, ते खोटं न्हाय," डॉक्टर सासूबाईंच्याच बोलीत म्हणाले.

सासूबाईंनी वाडगा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"मग काढ दात. पर आदी धुरी दे."

मला वाटलं, आता डॉक्टर हसतील. शिकलेली माणसं अशा वेळी हसतातच. त्यांनी निखारा फुंकला, चिमूटभर बिया टाकल्या आणि पक्कड रुमालाखाली झाकून ठेवली.